चौऱ्याऐंशीच्या मागोमाग

वाचायला कादंबरी कशी निवडायची, हे कोणी कोणाला शिकवत नाही. ज्याचा त्याचा तोडगा असतो. मारेगावहून राजूरकडे जाताना मध्ये लागणाऱ्या एका बाजाराच्या गावात वाचनालय आहे, आणि तिथला ग्रंथपाल युनूस यानं बारा वर्षांत असले सगळे तोडगे पाहून ठेवले होते. पोस्टातून रिटायर झालेले देवराव पुस्तक आधी हातावर तोलायचे. वजनाला कमी भरलं की परत कपाटात, कारण त्यांना एका पुस्तकात महिना काढायचा असे. अंगणवाडीच्या धुरपताबाई शेवटचं पान आधी वाचत, आणि त्यात कोणी मेलेलं असलं तर पुस्तकाला हात लावत नसत. "मेलेले लोक पाहाले पुस्तक कायले पाह्यजे?" असा त्यांचा सवाल. कॉलेजच्या पोरी मुखपृष्ठ बघायच्या. काही जण मोबाइलला विचारून येत. पण मोबाइल सांगेल ती पुस्तकं या कपाटांत नसत, आणि कपाटांतली पुस्तकं मोबाइलला ठाऊक नसत.

युनूस स्वतः मात्र कादंबरी वाचत नसे. ग्रंथपालाबद्दल असं सांगणं बरं नाही, पण खोटं कशाला बोला? तो मूळचा बाइंडर. वडिलांचा धंदा तोच. वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायला म्हणून आला, आणि तेवढ्यात जुने ग्रंथपाल लेकाकडे नागपूरला निघून गेले. वाचनालयाचे अध्यक्ष बबनराव, रिटायर मास्तर, म्हणाले, "पुस्तकाले रोज हात लावणारा तू एकटाच हायेस गा, तूच बस." युनूस बसला तो बसलाच. पुस्तकाची पाठ बघून शिलाई किती वर्षं टिकेल, हे तो डोळे मिटून सांगे. आत काय आहे, ते मात्र विचारू नये.

या वाचनालयाची एक जुनी पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. पुस्तक नेलं की तारखेचा शिक्का, आणि शेजारी पेनानं सभासदाचा नंबर. नाव नाही, नुसता नंबर. नावं नोंदवहीत, आणि नोंदवही कुलपात. हा बबनरावांचा नियम होता. "कोण काय वाचते हे डॉक्टरच्या कागदावानी असते, युनूस. तिसऱ्याले सांगाचं नाही."

आता नंबरांवरून कोणी काही ओळखू शकत नाही, असं बबनरावांना वाटे. वाचणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

युनूसची बायको शबाना वणीच्या मराठी शाळेत शिकलेली. घरात दोघं हिंदीत बोलत; पण कादंबरीचा विषय निघाला की शबाना आपोआप मराठीवर यायची, कारण वाचलेलं सगळं मराठीत होतं. ती वाचनालयात येत नसे. पेपर वाचणाऱ्या दहा पुरुषांच्या समोरून कपाटापर्यंत जायचं, आणि टेबलाशी आपलाच नवरा, हे तिला अवघड वाटायचं. युनूसच पुस्तकं घरी आणी. पहिली दोन वर्षं त्यानं हाताला लागेल ते आणलं आणि त्यातलं बहुतेक तिनं दहाव्या पानावर ठेवून दिलं. मग एक दिवस तिनं मनापासून आवडलेली पाच पुस्तकं मांडली, मागच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, आणि पाचांवरही एक नंबर सापडला. एकशेएकतीस.

"आता डोकं लावू नका," ती म्हणाली. "चिठ्ठीवर एकशेएकतीस दिसला का पुस्तक घेऊन या."

तेव्हापासून नऊ वर्षं युनूस तेवढंच बघायचा. एकशेएकतीसनं वाचलेल्या पुस्तकांत कधी कधी कापसाचा तंतू निघे. त्यावरून शबानानं ठरवून टाकलं होतं, की एकशेएकतीस ही दवाखान्यातली नर्स आहे आणि रात्रपाळीला वाचते. युनूस गालातल्या गालात हसे. एकशेएकतीस म्हणजे विजयमालाताई, झरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या शेतकरीण. घरची कपाशी, घरची तूर. दर बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी दाराशी ठेवून त्या आत येत, कपाटातल्या पुस्तकांची शेवटची पानं उघडत, चिठ्ठीवरून बोट फिरवत आणि एक पुस्तक घेऊन जात. पण नियम म्हणजे नियम. युनूसनं शबानाला कधी सांगितलं नाही.

शबानाचा स्वतःचा नंबर चौऱ्याऐंशी. नवी पुस्तकं कव्हर घालायला आधी युनूसच्या घरी येत. चिकटवायची पिठाची खळ वाळेपर्यंत शबाना ती वाचून काढी, त्यामुळे नव्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर पहिला आकडा बहुधा तिचाच असे. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, त्याचे निळसर डाग तिच्या बोटांवर कायम असायचे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तपासणी आली.

वर्षातून एकदा जिल्ह्याहून सरकारी साहेब येऊन पुस्तकांची देवघेव किती झाली ते बघतात. आदल्या आठवड्यात बबनरावांनी कपाटांवरून नजर फिरवली आणि खालच्या फळीपाशी थबकले. तिथं अकरा जाडजूड कादंबऱ्या होत्या. एका गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या, आणि दिल्यापासून कोणी न नेलेल्या; इतक्या खाली देवरावही वाकत नसत. चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत.

"युनूस, साहेब विचारन ना, हे पुस्तकं शोभेले ठेवले काय म्हणून. काही तरी कर बाप्पा."

कोणाला तरी वाचायला दे, असं बबनरावांना म्हणायचं होतं. युनूसनं ते आपल्या सोयीनं ऐकलं. शनिवारी दुपारी वाचनालय रिकामं असताना तो शिक्का घेऊन बसला आणि अकराही चिठ्ठ्यांवर तारखा मारल्या. आता नंबर कोणाचे टाकायचे? देवरावांचा टाकावा तर ते येऊन भांडतील. धुरपताबाईंचा टाकावा तर साऱ्या गावाला कळेल. कुरकुर न करणाऱ्या दोघीच त्याला आठवल्या. एक घरातली, दुसरी गरीब गायीसारखी. अकराही चिठ्ठ्यांवर त्यानं चौऱ्याऐंशी लिहिलं, आणि खाली एकशेएकतीस.

साहेब आले, चहा प्याले, वाचनालय स्वच्छ आहे म्हणाले आणि गेले. त्या अकरांतलं एकही पुस्तक त्यांनी उघडलं नाही. युनूसची चोरी फुकट गेली.

फुकट म्हणजे अगदीच फुकट नाही. पुढच्या बाजाराला विजयमालाताईंनी त्या अकरांतलंच एक पुस्तक उचललं. युनूसला बरंच वाटलं. चला, गिऱ्हाईक मिळालं. त्याच संध्याकाळी शबानासाठी पुस्तक काढताना नऊ वर्षांच्या सवयीनं त्याची नजर एकशेएकतीसवर गेली आणि हात पुढे झाला. डोकं मागून आलं, तोवर पुस्तक शबानाच्या उशाशी पोचलं होतं. घरी आलेल्या पुस्तकाची चिठ्ठी ती बघत नसे, ते काम युनूसचं. परत कसं मागायचं?

तीन दिवसांनी शबानानं जेवताना विषय काढला. "एकशेएकतीसले काही झालं काय हो?"

"काहून?"

"चाळीस पानं झाली, अजून नायकाचं खानदानच सांगून राह्यले. तिनं हे पुरं वाचलं? तिले असलं कधी आवडत नव्हतं. माणूस दुःखात असलं का हाताले येईन ते वाचते. विचारा ना तिले कधी."

युनूसनं भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको.

आणखी दोन बाजार गेले. विजयमालाताईंनी दुसरं जाड पुस्तक नेलं आणि परत आणलं. तिसऱ्या बाजाराला त्या खालच्या फळीपाशी खूप वेळ बसून होत्या. एकेक पुस्तक काढत होत्या, चिठ्ठी बघत होत्या. मग उठल्या आणि टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"युनूसभाऊ, एक विचारू? चौऱ्याऐंशी गेली काय?"

"कोण चौऱ्याऐंशी?" युनूसनं विचारलं.

"नाव मले नाही माहीत. मी तिचा नंबर पाहून पुस्तक नेतो. लेक आमची, निकिता, पुण्याले गेली ना नोकरीले, तवापासून. घर खायले उठे, भाऊ. वाचासाठी म्हणून इथं आली, त बाराशे पुस्तकं. कोणतं घेऊ? मले आठ दिवसांत एकच वाचनं होते, थेही दुपारी कापसाच्या ढिगाले टेकून. त्यात चुकीचं निघालं का लय जीवाले लागे. मंग पाह्यलं, का चौऱ्याऐंशीनं नेलेलं पुस्तक कधी फसवत नाही. नवं असो का जुनं. मी तिचं तोंड पाह्यलं नाही, पण इतके वर्षं तिच्याच मागोमाग चालली." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आता पाह्य, एकाच तारखेले अकरा पुस्तकं! असं कोणी वाचते काय? अन् सगळे असे... खाली माहा नंबर, मी न नेलेल्यावर! नंबरायचा घोळ हाये तुमचा. तिचा नंबर तुमी दुसऱ्याले देल्ला. हो ना? म्हणजे थे गेली."

खरं सांगायला हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, ताई, हे मी केलं. युनूस पंख्याकडे बघत राहिला. भित्रा माणूस वाईट असतोच असं नाही, पण नेमक्या वेळी त्याचा काही उपयोग नसतो.

"तसं काही नाही ताई," एवढंच तो पुटपुटला.

"राहू द्या. पुढच्या बाजाराले माह्यं कार्ड घेऊन येतो. बंद करून टाका. निकिता म्हणते, मोबाइलवर मालिका पाह्य. पाहीन थ्याच."

भाजीची पिशवी उचलून त्या गेल्या. टेबलावर त्यांच्या पदरावरचा कापसाचा एक तंतू पडला होता. युनूसला तो उचलवेना.

त्या संध्याकाळी अकराही पुस्तकं त्यानं पोत्यात घालून घरी नेली. बाइंडरला चिठ्ठी उखडणं म्हणजे हातचा मळ. ओलं फडकं ठेवायचं, खळ सुटते, जुनी चिठ्ठी अलगद निघते, नवी कोरी लावायची. कोणाला पत्ता लागत नाही. त्यानं फडकं ओलं केलं, पहिलं पुस्तक उघडलं, आणि खळीची वाटी घेऊन शबाना मागे येऊन उभी राहिली.

"इतके कायले आणले?" ती वाकली. "हे काय? चौऱ्याऐंशी? मी हे कवा वाचलं?"

तिनं दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग खाली बसली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. आरडाओरडा परवडतो, पण ते बघणं परवडत नाही. युनूसनं सगळं सांगितलं. तपासणी, शनिवारची दुपार, शिक्का.

"माह्या नावावर इतकी रद्दी?" शबाना भडकली. "लोक म्हणतीन, चौऱ्याऐंशीले अक्कल नाही!" मग एकदम थांबली. "म्हणजे एकशेएकतीस बरी हाये? तिनं हे वाचलंच नाही?"

"नाही."

"या अल्ला. मी तिच्यासाठी दुवा मागून राह्यली होती." तिला हसू फुटलं. पण युनूसला हसू येईना, तेव्हा तीही थांबली. "अजून काय हाये? बोला."

"कोणीतरी एक बाई हायेत," युनूस खाली बघत म्हणाला. "त्या तुह्या नंबराच्या मागं चालतात. चौऱ्याऐंशी दिसला का पुस्तक नेतात. कित्येक वर्षांपासून. मी असं लिहून ठेवलं, त त्यायले वाटलं, चौऱ्याऐंशी मेली. रडल्या. आता कार्ड बंद करतो म्हणतात."

या घरात शबानाला विचारून फक्त मीठ पडे. सासर-माहेरात कोणी कधी म्हणालं नव्हतं, शबाना, तुला काय वाटतं ते सांग. आणि कोण कुठली एक बाई तिच्या मागोमाग इतकी वर्षं चालत होती, तिनं पाय ठेवला तिथं पाय ठेवत. शबानाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"माह्यावर कोणाचा एवढा भरोसा होता," ती म्हणाली, "अन् तुमी थो मोडला."

युनूसला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"कोण हायेत त्या?"

"नाव नाही सांगत. नियम हाये."

"खोटं लिहिताना कुठं गेलता नियम?"

तरी युनूसनं नाव सांगितलं नाही. एकदा मोडलेला माणूस कधी कधी दुसऱ्यांदा हट्टानं सरळ वागतो, तसं ते होतं. शबानानंही मग ताणलं नाही. ओलं फडकं तिनं उचलून बाजूला टाकलं.

"चिठ्ठ्या काढाच्या नाही. खोटं झाकून काय होते? नंबरावर रेघ मारा अन् बाजूले तुमची सही करा. दिसू द्या लोकायले." मग जरा थांबून तिनं विचारलं, "कोणत्या दिवशी येतात त्या? एवढं त सांगता येते ना?"

"बाजाराच्या."

बाजाराच्या दिवशी विजयमालाताई आल्या त्या हातात कार्ड घेऊनच. कपाटाकडे फिरकल्याही नाहीत. युनूसनं टेबलावर अकरा पुस्तकं मांडून ठेवली होती, शेवटची पानं उघडी. प्रत्येक चिठ्ठीवर दोन रेघा, प्रत्येक रेघेशेजारी त्याची सही. पलीकडे बबनराव पेपर वाचत होते. त्यांच्या देखत बोलायचं असं युनूसनं रात्रभर घोकलं होतं.

"ताई, हे नंबर मी टाकले. तपासणीसाठी. यातलं एकही पुस्तक चौऱ्याऐंशीनं वाचलं नाही. तुमचाही नंबर टाकला होता. माफ करा."

बबनरावांचा पेपर खाली आला. विजयमालाताईंनी चिठ्ठ्या बघितल्या, युनूसकडे बघितलं.

"म्हणजे थे हाये? जिती हाये?"

"हाये ताई. ठणठणीत हाये."

त्या खुर्चीत बसल्या. "मंग इतके दिवस मले कायले रडवलं, भाऊ? मी तिच्या नावानं एक दिवा लावला ना तुळशीपाशी!" आणि त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की शिक्का उडाला.

तेवढ्यात दारात शबाना आली. डोक्यावर ओढणी, चपला बाहेर काढून. पेपरवाले दहा पुरुष एकदम वर बघायला लागले. ती थबकली, मग सरळ कपाटाकडे गेली. एक पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं, चिठ्ठीवरून बोट फिरवलं. परत ठेवलं. दुसरं काढलं, बोट फिरवलं, आणि ते घेऊन टेबलाशी आली. कोण असेल ती बाई, हे तिला माहीत नव्हतं. खुर्चीत एक बाई बसली आहे, तिचे डोळे लाल आहेत, एवढंच तिनं पाहिलं. मग तिनं खणखणीत आवाजात नवऱ्याला सांगितलं, जसं कोणताही सभासद सांगतो:

"लिहा. नंबर चौऱ्याऐंशी."

दुसऱ्याचा नंबर सांगू नये असा नियम होता. आपला आपण सांगू नये असं बबनरावांनी कुठं म्हटलं नव्हतं.

विजयमालाताई हळूच उठल्या. शबानाच्या हातातलं पुस्तक त्यांनी बघितलं, तिच्या बोटांवरचे मोरचुदाचे निळसर डाग बघितले. "तुमी?" त्या म्हणाल्या. "माय वं, तुमी त केवढ्याशा! मले वाटे, कोणी म्हातारी मास्तरीण असन." त्यांनी शबानाचा हात धरला. "हे कोणतं घेतलं? माह्यं वाचून झालं हे. मी एकशेएकतीस."

शबानाचं तोंड उघडंच राहिलं. "एकशेएकतीस? म्हणजे तुमी नर्स नाही?"

"नर्स?"

"पुस्तकात कापूस निघे..."

"अवं, आमचं अर्धं घर कापसानं भरलं हाये!"

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींचे डोळे गळायला लागले, आणि पेपरवाल्या पुरुषांना कुठं बघावं ते कळेना. थोड्या वेळानं विजयमालाताईंच्या ध्यानात आलं. "मी तुमच्या मागं, अन् तुमी माह्या मागं. मंग पुढं कोण होतं?" कार्ड त्यांनी गुपचूप ब्लाउजमध्ये खोचलं. बंद करायचा विषय कोणी काढला नाही.

शेवटी बबनराव खाकरले. युनूसला वाटलं, आता नोकरी गेली. पण त्यांनी त्या दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "याले काय करावं, तुमीच सांगा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओळख होऊन दहा मिनिटं झाली नव्हती, तरी त्यांना बोलावं लागलं नाही. शबानानं अकरा पुस्तकं एकावर एक रचली आणि नवऱ्यापुढं सरकवली.

"आमच्या नावावर टाकले ना? आता तुमी वाचा. सगळे. पहिल्या पानापासून."

त्या दिवशी शेहेचाळिसाव्या वर्षी युनूस वाचनालयाचा सभासद झाला. नंबर दोनशे बारा.

पहिली चार पुस्तकं त्यानं औषध घ्यावं तशी घेतली. पाचव्यात त्याला झोप लागली. सातवं पुस्तक हातात असताना शबानानं भाकरी वाढली, हाक मारली, पुन्हा हाक मारली, आणि तो वर बघेना. त्यात एक नावाडी होता. नदीवर पूल होणार म्हणून गाव आनंदात असतं, आणि तो आपली नाव शेवटची धुऊन काढतो. एकशे नव्वदाव्या पानावर युनूसला अक्षरं दिसेनाशी झाली. इतकी वर्षं ज्या पुस्तकांच्या पाठी शिवल्या त्यांच्या पोटात हे असतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"हे वाच," दुसऱ्या दिवशी तो शबानाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

शबानानं आधी शेवटचं पान उघडलं. रेघ मारलेला चौऱ्याऐंशी, रेघ मारलेला एकशेएकतीस, दोन सह्या, आणि खाली एकटा दोनशे बारा. तिनं जरा विचार केला, पेन घेतलं आणि त्याखाली स्वतःच चौऱ्याऐंशी लिहिलं. पुढच्या बाजाराला ते विजयमालाताईंनी नेलं.

परत आलं तेव्हा युनूसनं ते चाळून पाहिलं. एकशे नव्वदाव्या पानात कापसाचा एक तंतू होता. त्यानं तो काढला नाही. पुस्तक मिटलं आणि खालच्या फळीऐवजी डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवलं.